नव्या प्रोसेसरमुळे नेमके काय वेगवान होते? फोन निवडण्यापूर्वी चिप कशी वाचावी

काही वर्षांपूर्वी मी एक फोन केवळ ‘आठ कोअर’ हे दोन शब्द वाचून घेतला होता (कोअर म्हणजे प्रोसेसरमधील काम करणारा स्वतंत्र विभाग). आधीच्या फोनमध्ये दोनच कोअर होते, तेव्हा नवा फोन चौपट नाही तरी दुप्पट वेगवान असेल, असा माझा सरळ हिशेब होता. पहिल्याच आठवड्यात तो चुकला. नकाशा उघडला की आधी पांढरा पडदा दिसायचा, मग रेघा उमटायच्या, मग नावे. कीबोर्डवर अक्षर दाबल्यानंतर ते दिसायला क्षणभर उशीर व्हायचा. नंतर शोध घेतल्यावर कळले, की ते आठही कोअर एकाच लहान जातीचे होते आणि जुन्या फोनमधला प्रत्येक कोअर त्यांच्यापैकी कोणत्याही एकापेक्षा वेगवान होता. हा लेख त्या चुकीतून सुरू झालेल्या अभ्यासातून आला आहे.

प्रोसेसरमधील प्रगतीने मुख्यतः एकच गोष्ट साधते: तेवढ्याच विजेत अधिक काम होते. ते अधिकचे काम तुमच्या बोटापर्यंत पोहोचेल की नाही, हे मात्र रॅम, स्टोरेज, फोनची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता आणि सॉफ्टवेअर यांवर ठरते. म्हणून पुढील पायऱ्या चिपपासून सुरू होत असल्या, तरी चिपपाशी थांबत नाहीत.

हाताशी काय ठेवावे

- सध्याच्या फोनच्या सेटिंग्जमधील ‘अबाउट फोन’ या पानावरील माहिती: मॉडेल, रॅम, उरलेले स्टोरेज.
- ज्या फोनचा विचार चालू आहे त्याच्या चिपचे पूर्ण नाव आणि चिप तयार करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरील तिचे तपशीलपान. विक्रीच्या पानावर बहुधा अर्धीच माहिती असते.
- अँड्रॉइड फोनसाठी सीपीयू-झेडसारखे एखादे ॲप, ज्यात कोअरची जात आणि त्यांचा वेग दिसतो.
- गीकबेंच आणि थ्रीडीमार्क ही दोन चाचणी-ॲप्स.
- स्टॉपवॉच आणि एक साधी वही. वही अनावश्यक वाटेल, पण तापलेल्या फोनवरचे आकडे दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत.

१. आधी फोन कुठे अडतो ते लिहून काढा

नवा प्रोसेसर पाहण्यापूर्वी दोन दिवस सध्याच्या फोनवर लक्ष ठेवा आणि तो ज्या ज्या ठिकाणी अडखळतो, ते त्याच क्षणी नोंदवा. ‘फोन हँग होतो’ एवढ्या नोंदीचा उपयोग नाही. पान सरकवताना अडखळतो की ॲप उघडताना, नुकतेच सुरू केल्यावर की अर्ध्या तासानंतर, चार्जिंगवर असताना की एरवीही, असे लिहा.

या नोंदींवरून दोष कुणाचा, याचा बराच अंदाज येतो. दोन ॲपमध्ये ये-जा करताना पहिले ॲप दर वेळी सुरुवातीपासून उघडत असेल, तर रॅम अपुरी आहे. मागे अपडेट चालू असताना सगळा फोन जड होत असेल, तर संशय स्टोरेजवर घ्यावा. गेम पहिली दहा मिनिटे सुरळीत चालून मग अडखळू लागत असेल, तर प्रश्न उष्णतेचा आहे. वेबपान सरकवताना किंवा टाइप करताना पहिल्या मिनिटापासूनच उशीर होत असेल, तेव्हा एकेका कोअरचा वेग कमी पडत आहे असे धरायला हरकत नाही.

येथे एक सापळा आहे. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागितली की बॅटरीचा विद्युतदाब खाली येतो आणि फोन अचानक बंद पडू नये म्हणून काही फोनमधील सॉफ्टवेअर प्रोसेसरचा कमाल वेगच कमी करते. अशा वेळी बॅटरी बदलल्यावर जुनाच फोन पुन्हा चपळ होतो. स्टोरेज काठोकाठ भरलेले असेल, तर तेही आधी रिकामे करून पाहावे. या दोन गोष्टी तपासल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नये.

२. चिपचे पूर्ण नाव मिळवा, अक्षरासह

‘नवा स्नॅपड्रॅगन’ (क्वालकॉम कंपनीची चिप-मालिका) किंवा ‘डायमेन्सिटी मालिकेतील प्रोसेसर’ (मीडियाटेक कंपनीची) हे नाव नव्हे. क्रमांक, पिढी आणि त्यापुढील ‘प्लस’, ‘एस’, ‘प्रो’ असे शेपूट, या सगळ्यांसह नाव हवे. नाव जेमतेम एका अक्षराने बदलते आणि आतली चिप वेगळीच निघते. स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ आणि स्नॅपड्रॅगन ८एस जेन ३ ही नावे सख्ख्या भावंडांसारखी वाटतात, पण दुसरी चिप पहिलीपेक्षा खालच्या पायरीची आहे.

क्रमांक मोठा म्हणजे चिप वेगवान, असेही नाही. २०२३च्या मार्चमध्ये आलेल्या स्नॅपड्रॅगन ७ प्लस जेन २ मध्ये कॉर्टेक्स-एक्स२ या मोठ्या जातीचा कोअर २.९१ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २.९१ अब्ज ठोक्यांवर, चालत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या ७ जेन ३ मध्ये एक्स मालिकेतील कोअरच नाही. त्यातील सर्वांत वेगवान कोअर कॉर्टेक्स-ए७१५ जातीचा असून त्याचा वेग २.६३ गिगाहर्ट्झ आहे. म्हणजे ‘जेन ३’ ही नंतरची चिप ‘प्लस जेन २’पेक्षा मंद आहे.

आयफोनच्या सेटिंग्जमध्ये चिपचे नाव दिलेले नसते. तेथे मॉडेल पाहून कंपनीच्या तपशीलपानावरून चिप शोधावी लागते.

३. कोअर मोजू नका, त्यांची जात पाहा

सर्वाधिक गैरसमज या पायरीवर होतात, म्हणून येथे थोडे थांबू.

कोअर म्हणजे सूचना वाचून त्या अमलात आणणारा स्वतंत्र विभाग. त्याचा वेग दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो: एका सेकंदात त्याचे किती ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्यात तो सरासरी किती सूचना पूर्ण करतो. पहिली गोष्ट गिगाहर्ट्झमध्ये लिहिलेली असते, त्यामुळे सगळे तीच वाचतात. दुसरी कुठेच छापलेली नसते आणि गेल्या दशकातील खरी प्रगती तिच्यातच झाली आहे.

उदाहरणच घ्यायचे तर २०१३मध्ये आयफोन ५एसबरोबर आलेली ए७ ही स्मार्टफोनमधील पहिली ६४-बिट चिप होती. तिचा वेग १.३ गिगाहर्ट्झ होता आणि तिच्यात १०० कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या सूक्ष्म कळी, होते. दहा वर्षांनी, २०२३मध्ये, ए१७ प्रो आली तेव्हा ट्रान्झिस्टर १,९०० कोटींवर गेले होते आणि कमाल वेग ३.७८ गिगाहर्ट्झ होता. ठोके जेमतेम तिप्पट झाले, पण एका कोअरचे प्रत्यक्ष काम तिपटीहून कितीतरी अधिक वाढले. उरलेली वाढ प्रत्येक ठोक्यातील कामातून आली.

ती कशी, हे समजण्यासाठी छोटा आणि मोठा कोअर शेजारी ठेवून पाहावेत. कॉर्टेक्स-ए५३ किंवा ए५५ यांसारखा छोटा कोअर सूचना आल्या त्याच क्रमाने पूर्ण करतो. एखाद्या सूचनेला लागणारी माहिती मेमरीतून यायची असेल, तर तिच्यामागची सगळी रांग खोळंबते. मोठा कोअर पुढील शेकडो सूचना डोळ्यांखाली ठेवतो, त्यांतल्या ज्या लगेच करता येण्यासारख्या असतात त्या आधी उरकतो, पुढचे वळण कोणते असेल याचा अंदाज बांधून त्या वाटेवरचे काम आगाऊ सुरू करतो आणि अंदाज चुकल्यास ते काम टाकून देतो. शिवाय त्याच्याजवळ कॅश, म्हणजे कोअरला खेटून असलेली छोटी आणि अतिशय वेगवान मेमरी, अधिक असते. रॅमपर्यंतच्या एका फेरीला साधारण १०० नॅनोसेकंद लागले, तर ३ गिगाहर्ट्झच्या कोअरचे तेवढ्यात ३०० ठोके वाया जातात; कॅशने ही फेरी वाचवली की तेवढे ठोके कामी येतात.

आता आठ कोअरचा प्रश्न. स्नॅपड्रॅगन ६२५ या २०१६च्या चिपमध्ये कॉर्टेक्स-ए५३ जातीचे आठ कोअर २ गिगाहर्ट्झवर चालत. त्याच्या आदल्या वर्षीच्या आयफोन ६एसमधील ए९ चिपमध्ये दोनच कोअर होते आणि वेग १.८५ गिगाहर्ट्झ होता. तरीही एकेका कोअरच्या कामात ए९ खूपच पुढे होती. स्नॅपड्रॅगन ६२५ ही वाईट चिप होती असे मुळीच नाही, तिने बॅटरी फार जपून वापरली. पण तिच्याकडून ज्याने वेगाची अपेक्षा केली, त्याची निराशा ठरलेली होती.

एकेका कोअरच्या वेगाला एवढे महत्त्व का, तर पडद्यावरचे बरेचसे काम वाटून देता येत नाही. तुम्ही बोट फिरवले की स्पर्श ओळखणे, काय कुठे सरकले ते ठरवणे आणि चित्र रंगवायला देणे ही कामे एकामागून एकच होतात आणि ॲपच्या एका मुख्य धाग्यावर चालतात. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या, पडद्यावर एका चित्रासाठी १६.६७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर फक्त ८.३३. ही मुदत चुकली की एक चित्र गळते आणि डोळ्यांना झटका जाणवतो. त्यामुळे १२० हर्ट्झचा पडदा आणि दुबळे कोअर अशी जोडी असलेला फोन कागदावर आकर्षक दिसतो, हातात मात्र सारखा ठेचकाळतो.

मग छोटे कोअर ठेवायचे कशाला? गाणे चालू ठेवणे, निरोप आला का ते पाहणे, पावले मोजणे या हलक्या कामांना मोठा कोअर जागा करणे म्हणजे विजेची उधळपट्टी. मोठे आणि छोटे कोअर एकत्र नांदवण्याची पद्धत कॉर्टेक्स कोअरची रचना करणाऱ्या आर्म कंपनीने २०११मध्ये जाहीर केली आणि पुढे तीच रूढ झाली. अलीकडे पुन्हा चित्र बदलते आहे: २०२३मधील डायमेन्सिटी ९३००मध्ये आणि २०२४मधील स्नॅपड्रॅगन ८ एलीटमध्ये जुन्या अर्थाने छोटे कोअर नाहीतच. मोठे कोअर कमी वेगावर चालवले की तेही काटकसरीने काम करतात आणि हातातले काम लवकर संपवून लवकर झोपतात, हा त्यामागचा विचार आहे.

करायचे एवढेच: तपशीलपानावरील ‘१+५+२’ किंवा ‘२+६’ अशी कोअरच्या गटांची मांडणी शोधा, पहिल्या, म्हणजे सर्वांत मोठ्या, गटातील कोअरची जात आणि पिढी वहीत लिहा आणि सध्याच्या फोनमधील मोठ्या कोअरशी ताडून पाहा. एकूण आकडा वाचायची गरज उरत नाही.

४. नॅनोमीटरचा आकडा किती मनावर घ्यावा

‘४ नॅनोमीटर’, ‘३ नॅनोमीटर’ ही आता निर्मितिप्रक्रियेच्या पिढ्यांची नावे आहेत. चिपमधील कोणता भाग मोजला तर तेवढा भरेल, असे त्यांचे राहिलेले नाही. शिवाय एका कारखान्याचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी थेट जुळत नाही.

याचा उत्तम दाखला वर आलेल्या ए९ चिपमध्येच आहे. ती एकाच वेळी दोन ठिकाणी तयार होत होती: सॅमसंगच्या १४ नॅनोमीटर आणि टीएसएमसी या तैवानी चिप-उत्पादक कंपनीच्या १६ नॅनोमीटर प्रक्रियेवर. लहान आकड्याची चिप बॅटरी जास्त पुरवेल असे अनेकांना वाटले होते. प्रत्यक्ष वापरात दोन्ही प्रकारच्या फोनच्या बॅटरीत २ ते ३ टक्क्यांचाच फरक पडतो, असे तेव्हा ॲपलने सांगितले होते.

उलट, दोन्हीकडे ‘४ नॅनोमीटर’च लिहिलेले असूनही फरक मोठा असू शकतो. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ ही क्वालकॉमने आखलेली चिप सॅमसंगच्या कारखान्यात तयार झाली आणि तिचीच पुढील आवृत्ती ८ प्लस जेन १ टीएसएमसीकडे. रचना जवळपास तीच असूनही मोठ्या कोअरचा वेग ३ वरून ३.२ गिगाहर्ट्झवर गेला आणि वीजवापर ३० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे क्वालकॉमने जाहीर केले. म्हणून आकड्याबरोबर चिप कोणाच्या कारखान्यात तयार झाली, हेही शोधावे.

पिढी बदलल्याने वीज का वाचते, त्याचे गणित सोपे आहे. ट्रान्झिस्टर उघडझाप करताना लागणारी वीज ही ठोक्यांच्या संख्येच्या प्रमाणात, पण विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नव्या प्रक्रियेत तोच वेग १० टक्के कमी दाबावर गाठता आला, तर ०.९चा वर्ग म्हणजे ०.८१, अर्थात एवढ्यानेच या वापरातील १९ टक्के वीज वाचते. हीच गोष्ट उलटी वाचली की जाहिरातीतील कमाल वेगाचा अर्थ उमगतो: शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ गाठण्यासाठी दाब वाढवावा लागतो आणि वेगातील छोट्या वाढीसाठी फोन विजेची फार मोठी किंमत मोजतो.

कंपन्यांच्या तुलनेतही एक मेख असते. ‘३० टक्के वेगवान आणि ३० टक्के कमी वीज’ असे लिहिलेले असेल, तर बहुधा त्या दोन पर्यायी गोष्टी असतात: तेवढ्याच विजेत अधिक वेग, किंवा तेवढ्याच वेगाला कमी वीज. दोन्ही लाभ एकाच क्षणी पूर्णपणे मिळत नाहीत. बारीक अक्षरांतील तळटीप वाचावी.

५. सीपीयूच्या शेजाऱ्यांची चौकशी करा

फोनमध्ये प्रोसेसर म्हणून जे असते, ते म्हणजे सीपीयू (आतापर्यंत पाहिलेल्या कोअरचा समूह), एकटे नसते. त्याच चिपवर चित्रांसाठी जीपीयू, कॅमेऱ्यासाठी आयएसपी, यंत्रशिक्षणाच्या गणितासाठी एनपीयू, व्हिडिओ उलगडणारा विभाग आणि बहुतेक चिपमध्ये नेटवर्कसाठी मोडेमही असतो. यांतले काय बघायचे, हे पहिल्या पायरीवरील नोंदींवरून ठरवा.

गेम खेळत नसाल, तर जीपीयूच्या आकड्यांकडे दुर्लक्ष केले तरी चालते.

कॅमेरा महत्त्वाचा असेल, तर आयएसपी आणि एनपीयू पाहा. रात्री फोटो काढताना फोन एक चित्र घेत नाही. तो लागोपाठ अनेक चित्रे घेतो, हात हलल्याने सरकलेले भाग एकमेकांवर जुळवतो आणि त्यांतून कमी दाणेदार असे एक चित्र तयार करतो. बटण दाबल्यावर कोपऱ्यातील लघुचित्रावर जे चक्र फिरताना दिसते, ते हेच काम. जुन्या फोनवर ते चक्र थांबेपर्यंत पुढचा फोटो निघत नाही, आणि नव्या चिपचा फायदा येथे स्टॉपवॉच लावून मोजता येतो. असे काम सीपीयूकडून करून घेण्याऐवजी स्वतंत्र विभागाकडे सोपवण्याची सुरुवात फोनमध्ये ठळकपणे २०१७मध्ये दिसली: हुआवेच्या किरिन ९७०मध्ये एनपीयू होता, तर ॲपलच्या ए११ बायोनिकमध्ये सेकंदाला ६०,००० कोटी क्रिया करणारे न्यूरल इंजिन. एनपीयूचे आजचे आकडे मात्र एकमेकांशी ताडू नका. एक कंपनी ८-बिट गणित मोजते, दुसरी ४-बिट, आणि दोन्ही ठिकाणी एकक तेच छापलेले असते.

व्हिडिओसाठी एकच प्रश्न विचारावा: एव्ही१ हा व्हिडिओ आकसून साठवण्याचा प्रकार चिपमधील खास विभागात उलगडतो का? तो विभाग नसेल, तर तेच काम सीपीयूला करावे लागते, फोन कोमट होतो आणि बॅटरी उतरते. क्वालकॉमच्या चिपमध्ये ही सोय २०२२च्या स्नॅपड्रॅगन ८ जेन २पासून आली.

मोडेमकडे लोक सहसा पाहत नाहीत, पण सिग्नल अशक्त असलेल्या जागी दिवसाचा बराच वेळ जात असेल, तर बॅटरीतील फरक तेथेच पडतो.

६. रॅम आणि स्टोरेजची पिढी विचारा

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण येथे चपखल बसते. वेगवान कोअरला माहितीच वेळेवर मिळाली नाही, तर तो नुसता वाट पाहत बसतो. ॲप उघडणे हे बऱ्याच अंशी स्टोरेजमधून वाचण्याचे काम आहे.

स्टोरेजचे दोन प्रकार भेटतात. ईएमएमसी हा जुना प्रकार एका वेळी वाचतो किंवा लिहितो. यूएफएस दोन्ही एकत्र करू शकतो. ईएमएमसी ५.१ची मार्गिका सेकंदाला ४०० मेगाबाइटपर्यंतची आहे, यूएफएस ३.१चे सलग वाचन सुमारे २,१०० आणि यूएफएस ४.०चे सुमारे ४,२०० मेगाबाइटपर्यंत जाते. एवढी दरी असताना चांगली चिप आणि ईएमएमसी ही जोडी टाळलेलीच बरी. काही फोनमध्ये कमी क्षमतेच्या आवृत्तीला जुने स्टोरेज आणि मोठ्या क्षमतेच्या आवृत्तीला नवे स्टोरेज दिलेले असते, तेव्हा नेमक्या आपल्या आवृत्तीचा प्रकार विचारा.

‘८ जीबी अधिक ८ जीबी’ अशी जाहिरात दिसली, तर दुसरा आकडा बहुधा स्टोरेजचा राखून ठेवलेला तुकडा असतो. तो रॅम नव्हे आणि रॅमच्या वेगाच्या जवळपासही जात नाही.

७. बेंचमार्कचे आकडे वाचण्याची शिस्त

गीकबेंचमध्ये दोन गुण मिळतात. पान सरकवणे, टाइप करणे, ॲपची चपळाई यांसाठी सिंगल-कोअर गुण पाहावा; व्हिडिओचे संपादन किंवा मोठ्या फाइलींचे काम असेल, तर मल्टी-कोअर. गीकबेंच ५ आणि ६ यांचे गुण वेगळ्या मापावर बसवलेले आहेत, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याशी लावू नये. एकच मोठा एकत्रित आकडा देणाऱ्या चाचण्यांत जीपीयूचा वाटा बराच असतो. गेम न खेळणाऱ्याला तो आकडा दिशाभूल करतो.

चाचणी-ॲपचे नाव ओळखून तेवढ्यापुरता वेग आणि तापमानाची मर्यादा वाढवणारे फोन आजवर अनेकदा पकडले गेले आहेत. हत्तीचे दाखवायचे दात आणि खायचे दात वेगळे, हे येथे लक्षात ठेवावे. म्हणून एकाच ठिकाणचा आकडा न घेता दोन-तीन स्वतंत्र परीक्षणांतील मधला आकडा घ्यावा आणि १० टक्क्यांच्या आतला फरक हाताला जाणवत नाही असे धरावे.

८. फोन तापल्यावर काय उरते ते तपासा

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि बहुतेक जण तीच वगळतात.

बहुतेक फोनना पंखा नसतो. आत निर्माण झालेली उष्णता पाठीवरून आणि काचेवरून हवेत जाते, तीही हाताला चटका बसणार नाही एवढ्याच तापमानावर. त्यामुळे साधारण हाताएवढ्या फोनला सलगपणे तीन ते पाच वॅटच बाहेर टाकता येतात. वरच्या श्रेणीची चिप मात्र पूर्ण जोर लावल्यावर काही क्षण १० वॅटच्याही पलीकडे जाऊ शकते. ही तफावत काही मिनिटे धातूची चौकट आणि आतील ताम्रपट्ट्या शोषून घेतात. मग फोन स्वतःहून वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तो दोष नसून संरक्षण आहे, पण तो किती लवकर आणि किती खोल होतो, यावर फोनची खरी योग्यता कळते.

चाचणी अशी करावी. फोन चार्जरवरून काढा, कव्हर काढा, पडद्याचा प्रकाश मध्यावर स्थिर करा, फोन अर्धा तास निवू द्या आणि टेबलावर पालथा न ठेवता उभा टेकवा. थ्रीडीमार्कमधील वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट एका मिनिटाचे काम सलग २० वेळा करून घेते आणि शेवटी सर्वांत कमी गुण सर्वाधिक गुणांच्या किती टक्के होते, ते ‘स्टेबिलिटी’ म्हणून दाखवते. केवळ टक्का पाहू नका, शेवटच्या फेरीचा प्रत्यक्ष गुण लिहा. मंद चिपचा टक्का उत्तम येतो, कारण तिला मुळात घसरायलाच जागा नसते.

मी दोन फोन शेजारी ठेवून ही चाचणी केली, तेव्हा नवी चिप असलेला पातळ फोन पहिल्या फेरीत स्पष्टपणे पुढे होता. पाचव्या-सहाव्या फेरीपासून त्याचा आलेख जिन्यासारखा उतरू लागला, कॅमेऱ्याच्या बाजूची पाठ बोट टेकवता येईल न येईल अशी तापली आणि शेवटी आदल्या पिढीच्या चिपचा जाडसर फोन त्याच्या वर राहिला. गेम खेळणाऱ्याच्या दृष्टीने वेगवान फोन दुसरा होता, आणि पाच सेकंदांसाठी कॅमेरा उघडून बंद करणाऱ्याच्या दृष्टीने पहिला. दोन्ही निष्कर्ष बरोबर आहेत.

गेम न खेळणाऱ्यांनी ही चाचणी सोडून दिली तरी चालेल. त्याऐवजी २० मिनिटे सलग व्हिडिओ चित्रित करून फोन मध्येच थांबतो का, पडदा आपोआप मंद होतो का, एवढे पाहावे.

९. चिपला अपडेट किती वर्षे मिळतील

अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीसाठी चिपची रचना करणाऱ्या कंपनीकडून ड्रायव्हर, म्हणजे चिप आणि अँड्रॉइड यांना जोडणारे सॉफ्टवेअर, मिळावे लागतात; ते थांबले की फोन बनवणाऱ्याचेही हात बांधले जातात. पिक्सेल ८ आणि गॅलॅक्सी एस२४ या मालिकांना सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन मिळाले, पण सगळ्या फोनची स्थिती तशी नाही. कालावधी फोन बाजारात आल्याच्या तारखेपासून मोजला जातो, तुम्ही घेतल्याच्या तारखेपासून नाही. दोन वर्षांपूर्वीचा फोन घेताना तेवढी वर्षे वजा करा.

१०. फोन हाती आल्यावर पहिल्या आठवड्यात

पहिले दोन दिवस कोणताही निष्कर्ष काढू नका. फोटोंची वर्गवारी, ॲप्सची जुळवणी, जुन्या माहितीची उतरवण अशी कामे तेव्हा मागे चालू असतात. फोन तापतो आणि बॅटरीही लवकर उतरते.

तिसऱ्या दिवशी पहिल्या पायरीची वही काढा आणि तीच कामे त्याच क्रमाने करा. अँड्रॉइडवर आणखी एक साधन आहे. ‘अबाउट फोन’मधील बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय खुले होतात, त्यांतील ‘प्रोफाइल एचडब्ल्यूयूआय रेंडरिंग’ सुरू करून पडद्यावर पट्ट्या दाखवण्याचा पर्याय निवडा. पान सरकवताना तळाशी रंगीत पट्ट्या धावू लागतात. प्रत्येक पट्टी म्हणजे एका चित्राला लागलेला वेळ, आणि आडवी हिरवी रेघ म्हणजे सुमारे १६ मिलिसेकंदांची मर्यादा. पट्ट्या रेघेखाली राहिल्या तर ६० हर्ट्झचे काम वेळेत होत आहे. १२० हर्ट्झसाठी त्या निम्म्या उंचीवर राहायला हव्यात. गेममध्ये या पट्ट्यांचा उपयोग नाही, कारण गेम आपले चित्र स्वतः रंगवतात.

एखाद्याच ॲपमध्ये पट्ट्या रेघेच्या वर उड्या मारत असतील आणि बाकी ठिकाणी नाही, तर ते ॲपच जड आहे. त्यासाठी चिपला दोष देऊ नका. सगळीकडेच तसे होत असेल, तर आधी बॅटरी सेव्हर चालू राहिला आहे का ते पाहा, फोन एकदा बंद करून सुरू करा, प्रलंबित अपडेट टाका आणि पुन्हा मोजा. तरीही पट्ट्या उतरल्या नाहीत, तर पडद्याचे चित्रण करून ठेवा आणि फोन परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी तक्रार नोंदवा. ‘फोन मंद वाटतो’ या वाक्यापेक्षा ते चित्रण अधिक उपयोगी पडते. चाचणी संपल्यावर पट्ट्या बंद करायला विसरू नका, त्या मोजण्याचे कामही थोडा वेळ खातेच.